झाडलेल्या जागेवरची फुलं

आये,

तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुला काही कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं जे होतं ते तुला न सांगताही चालून गेलं. नवरा गेला, म्हशी विकल्या, घरावर स्लॅब पडला, माझे गुडघे गेले. यात तुझं काय काम? पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यात तुझं काम आहे, म्हणून नातवंडांच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून बसले आहे. माझी शाळा तिसरीपर्यंतची, तीही तूच अर्ध्यावर सोडवलीस, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर मला बोलायचं नाही. तुला तसंही वाचता येत नव्हतं.

माझ्या थोरल्याची मुलगी, म्हणजे तुझी पणती, पुण्यात बिअर बनवते. हे वाक्य मी सरळ लिहिलं, पण आमच्या घरात ते सरळ कुणी बोललं नव्हतं. ती कर्जतला सायन्स शिकली, मग पुण्याला गेली, आणि दोन वर्षं आम्हाला सांगत राहिली की खाण्यापिण्याच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतं, पिण्याचंच होतं. मग तिच्या चुलतभावानं मोबाइलवर एक फोटो आणून दाखवला. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप, मागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या आणि तुझी पणती हसते आहे. थोरला तो फोटो बघून ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागला.

"आमच्या घरात आजवर थेंब आला नाय," तो म्हणाला. "आणि ही बनवती. बनवती."

त्यात खोपोलीहून स्थळ आलेलं. मुलगा कारखान्यात कायम आहे, घर स्वतःचं आहे, आई जरा गोड बोलते तेवढं सोडलं तर नावं ठेवायला जागा नाही. रविवारी बघायला येणार होते. थोरला मला म्हणाला, "आई, तूच जा. माझ्याशी ती फोनवर पण नीट बोलत नाय. तुजं ऐकती. शुक्रवारी जा आणि शनिवारी सामानासकट घेऊन ये. नोकरी सोडली म्हणून सांगू पावण्यांना."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, आणि त्याच्या समाधानासाठी नाही. मला भीती वाटली होती. घरात एकदा दारूचा विषय निघाला की तो मागे मागे जात कुणापर्यंत पोचेल ते मला एकटीला माहीत होतं. पोरीला गपचूप घरी आणावं, लग्न लावावं, विषय तिथंच मिटवावा, असा माझा हिशेब होता. तुझं नाव या घरात पन्नास वर्षांवर लपवलं होतं, आता शेवटी शेवटी कशाला बाहेर काढायचं.

तुला तुझंच काय सांगायचं, पण लिहायला घेतल्यावर आठवत जातं. कोंडाण्याच्या वर रानाच्या कडेला आपलं घर. बाप गेल्यावर वरईचा एक उताराचा तुकडा आणि ओढ्यापलीकडची दोन मोहाची झाडं, एवढंच तुझ्या हातात उरलं. वरईनं दिवाळीपर्यंत पोट भरायचं, पुढचं मोहानं भागवायचं. मडकी ओढ्याच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली, वर पळसाची पानं. तू गुडघ्यावर बसतेस, पानं बाजूला सारतेस आणि मडक्याच्या तोंडाशी कान नेतेस. आत चुरचुर चालू असली तर तशीच उठतेस. आवाज थांबला असला की मला लाकडं आणायला पाठवतेस. मी जवळ येऊन वाकले तर कोपरानं ढकलतेस. "तू नको शिकूस. तुला हे करायचं नाय." तू ढकललंस की मी दोन पावलं मागे जाते आणि तिथून बघते. दोन पावलांवरून सगळं दिसतं, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

माणसं यायची ती डोक्यावर टॉवेल घेऊन, घराच्या मागच्या अंगानं. उभ्यानं प्यायची, तोंड पुसून जायची, आणि बाजाराच्या दिवशी तू समोर आलीस तर ओळख दाखवायची नाहीत. शिपाई आले की मडकी फोडून जायचे आणि तू दुसऱ्या दिवशी कुंभाराकडे. मी काही तुला देवी करायला बसलेली नाही. तुझ्या दारूनं माणसं वाया गेली. वाडीतला एक जण तुझीच पिऊन बायकोला मारायचा. ती बायको दारात उभी राहून तुला पोटभर शिव्या देऊन गेली आणि तू सूप पाखडत सगळ्या ऐकून घेतल्यास. दुसऱ्या दिवसापासून त्याला दिली नाहीस. तो खालच्या गावात जाऊन प्यायला लागला. म्हणजे बायकोचा मार काही चुकला नाही. हे मी विसरले नाही आणि पोरीलाही मी ते सांगितलं, पण ते पुढे.

मामानं माझं लग्न कळंबला ठरवलं तेव्हा सासरी सांगितलं की पोरीच्या आईची वरईची शेती आहे. तूही मान हलवलीस. थोरल्याच्या बारशाला तू आलीस, अंगडं-टोपरं आणि तांब्याची वाटी घेऊन, अर्धी वाट चालत. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होतीस, तरी सासूनं नाक उचललं. "तुज्या आईच्या अंगाला वास कसला गं येतोय?" सगळ्या बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, "मोहट्याचं तेल लावती डोक्याला." तू पाळण्याची दोरी धरून बसली होतीस. जाताना मी तुला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणालीस, "बरं सुचलं गं तुला." एवढंच. त्यानंतर तू कळंबला आली नाहीस, मीच वर्षाकाठी एकदा येऊन जात होते, आणि दरवेळी परत येताना नदीवर लुगडं धुवून मगच घरात शिरायची.

तर शुक्रवारी थोरल्यानं मला खोपोलीला एसटीत बसवलं. घाट चढेपर्यंत मी मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं. आधी रागवायचं, मग बापाची तब्येत काढायची, मग माझे गुडघे. पुण्याच्या स्टँडवर ती स्कूटर घेऊन उभी. मी म्हटलं रिक्षा कर, तर म्हणाली, "आजी, मागे बस, मला घट्ट धर. तू म्हशीवर बसलेली बाई आहेस." बसले. सिग्नलला एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, त्याला मी विचारलं काय हवंय, तर हिरवा लागायच्या आधीच पुढे गेला.

खोलीवर पाणी प्यायले आणि रागवायला तोंड उघडलं, तर तीच आधी म्हणाली, "आजी, तुला बाबांनी पाठवलंय ते मला माहीत आहे. काय बोलायचं ते संध्याकाळी बोल. आत्ता तीन वाजता माझ्या बिअरचा निकाल आहे. तू तिकडे नुसती बस."

मग वाटेत तिनं सगळं सांगितलं. ती तिथं आधी गिऱ्हाइकांना ग्लास आणून द्यायच्या कामावर लागली होती. टाक्यांपाशी जायला तिला वर्ष लागलं. आता मालकानं तिला एक लहान टाकी दिली होती, स्वतःच्या मनाची बिअर बनवायला. तिनं मोहाची फुलं घालून बनवली. मी स्कूटरवर मागे बसले होते म्हणून माझं तोंड तिला दिसलं नाही. "कुणाच्या डोक्यातलं हे मोहाचं?" मी विचारलं. "माझ्याच. आपल्याकडे झाडं आहेत ना डोंगरात." तिला काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण. बिअर झाली, पण मागाहून जिभेवर कडू राहत होती आणि कारण सापडत नव्हतं. आज मालक चाखणार. नाही आवडली तर टाकी गटारात ओतायची आणि हिनं पुन्हा ग्लास उचलायचे.

जागा म्हणजे जुनं गोदाम, पत्र्याचं, उंच. दारात पाय ठेवला आणि मला तुझ्या मडक्यांचा वास आला. आंबूस, गोड, जरा भिजवलेल्या पिठासारखा. मी उंबऱ्यावरच थांबले. पोरीला वाटलं पायरी दिसली नाही, तिनं हात दिला. आत भिंतीला ओळीनं नळ, वर काळ्या फळ्यावर खडूनं नावं लिहिलेली. लोक टेबलांवर बसलेले, दुपारचे. एका टेबलावर दोघी मुली लॅपटॉप उघडून, एकीकडे आजोबा-आजी, एका बाईच्या शेजारी बाबागाडीत झोपलेलं मूल. लाकडाच्या फळीला चार खळगे, त्यात चार छोटे ग्लास, लोक एकेक घोट घेऊन आपसात चर्चा करत होते, जणू आमरसात वेलची पडली की जायफळ. मी सगळ्यांची डोकी बघितली. एकाच्याही डोक्यावर टॉवेल नव्हता. येणारा माणूस पुढच्या दारानं येत होता, ग्लास आणून देणाऱ्या मुलांना नावानं हाक मारत होता. दारू तीच. पिणाऱ्याची मान तेवढी सरळ. मला आधी राग आला. यांचा नाही, तुझ्याकडे येणाऱ्यांचा.

पोरीनं मला मागे टाक्यांपाशी नेलं. टाकीतून एक नळी निघून पाण्याच्या बादलीत सोडलेली आणि बादलीत बुडबुडे येत होते. "आत काम चालू आहे की थांबलं, ते यावरून कळतं," ती म्हणाली. मी काय करते ते मला कळायच्या आत माझा कान टाकीला लागला होता. गार लागलं. काही ऐकू येईना.

"आजी, दुहेरी पत्रा आहे, आवाज नाही येत बाहेर. पण तुला कसं माहीत कान लावायचा?"

"डाळ शिजते का ते बघतो तसं," मी म्हटलं. म्हातारी झाले तरी सुचतं मला अजून, आये.

मालक म्हणजे दाढी ठेवलेला, तिशीचा असेल. वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. मी त्याला सरळ विचारलं, "पिऊन कोण पडतं का रं इथं?" तो म्हणाला, "आजी, कुणी जास्त घेतली असं दिसलं तर आम्ही देणं थांबवतो." "थांबवल्यावर तो दुसरीकडं जाऊन पितो. मग तुज्या हातात काय ऱ्हायलं?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "खरं आहे. तेवढंच आमच्या हातात आहे." खोटं बोलला नाही म्हणून मला बरा वाटला. मग मी पोरीलाही तिथंच सुनावलं, की ही बायकांच्या पाठीवर उतरणारी वस्तू आहे, फळ्यावर नाव सुंदर अक्षरात लिहिलं म्हणून ती बदलत नाही. ती गप्प ऐकून घेत होती. ऐकून घेण्याची ढब तुझी आहे, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं.

मग चाखणं. मालक, अजून दोघं जण, आणि ती. चौघांनी घोट घेतला. मालक म्हणाला, "सुरुवात छान आहे. मग काहीतरी जळकं येतं." एक जण म्हणाला, धान्य जास्त भाजलं गेलं असेल. दुसरा म्हणाला, फुलं उकळायला नको होती. पोरगी म्हणत होती, मी धान्य तेच वापरलंय, फुलं उकळली नाहीत, दोनदा धुतलीत, सगळं लिहून ठेवलंय. तिचा आवाज चढत नव्हता पण कान लाल झाले होते. मालक म्हणाला, "चूक सापडत नसेल तर पुन्हा करून तेच होणार. ही टाकी मी दुसऱ्याला देतो. तू काउंटरवर ये परत, नंतर बघू."

मी इथं आणखी पाच मिनिटं गप्प बसले असते तर माझं काम आपोआप झालं असतं. पोरगी रडत घरी आली असती, थोरला खूश, पाहुणे खूश. पण ग्लास माझ्या पुढ्यात ठेवला होता, मान म्हणून. मी उचलला. आधी वास घेतला, मग घोट घेऊन जिभेच्या मागच्या बाजूला धरला, तू धरायचीस तसा.

आणि मी आठ वर्षांची आहे, चैत्र आहे, उजाडतंय. मला झाडाखालचा पाचोळा झाडायचा कंटाळा आलाय. सगळेच तर पाचोळा जाळतात, काळ्या जागेवर पिवळी फुलं चटकन दिसतात. मी काडी ओढते. तू ओढ्यावरून पळत येतेस, ओल्या गोणपाटानं आग झोडपतेस, मग मला एक ठेवून देतेस. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या जागेवर पडलेलं एक फूल उचलून माझ्या तोंडात घालतेस. "चाव." मग दुसऱ्या झाडाखालचं, झाडलेल्या जागेवरचं. "आता ह्ये चाव. कळलं?" कळलं होतं. फूल चिकट असतं, राख धरून बसतं, आणि वाळताना राख आत घेतं. मग सात पाण्यांनी धुतलं तरी जात नाही. त्या झाडाची त्या दिवसाची सगळी फुलं तू गुरांना घातलीस आणि मी हंगामभर खराट्यानं झाडत राहिले.

"धान्याचं काय नाय त्यात," मी म्हटलं. "फुलं जाळलेल्या जागेवरची हायत."

चौघं माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, पाचोळा जाळतात कसा, राख चिकटते कशी. फुलं मागवली कुठून ते विचारलं, तर व्यापाऱ्याकडून. म्हटलं, उरलेली आण. पोरगी पळत पिशवी घेऊन आली. मी एक फूल मधोमध फाडलं आणि आतला काळा कण नखावर घेऊन मालकाला दाखवला. त्यानं तो चाटून बघितला. मग दुसरं फूल फाडलं, मग तिसरं. सगळे फाडून चाटायला लागले.

"आजी, तुम्हाला हे कसं माहीत?" मालकानं विचारलं.

आता सुचायला हवं होतं. माझ्याकडे तयार होतं सुद्धा, आमच्या वाडीतली एक बाई होती, असं. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं दोन वर्षं घराला खोटं सांगितलं आणि घर तिच्यावर चिडलं. तिला खोटं कुणाच्या घरात शिकायला मिळालं ते मला माहीत होतं.

"माजी आई मोहाची गाळायची," मी म्हटलं. "कोंडाण्याच्या वर. हातभट्टी म्हणतात तीच. तिच्या मोहात नवसागर नव्हता आणि राख नव्हती. हे मला तिनं शिकवलं. शिकवायचं नव्हतं तिला, तरी शिकवलं."

कुणी नाक उचललं नाही. त्यातल्या एकानं विचारलं, मडकं कसलं होतं. दुसऱ्यानं विचारलं, आंबायला किती दिवस लागायचे. मला वाटलं होतं गप्प होतील, तर त्यांना पुढचं हवं होतं. मी सांगत गेले. दोन पावलांवरून जे जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. पोरगी वहीत लिहून घेत होती आणि मधेच पेन थांबवून म्हणाली, "आजी, तू मला आयुष्यभर गोष्टी सांगितल्यास. ही का नाही सांगितलीस?" मी म्हटलं, "तू विचारली नाय." ती म्हणाली, "माहीत नसलेलं कसं विचारू?" मी पिशवीतलं अजून एक फूल फाडायला घेतलं.

मालकानं ती टाकी ओतून टाकायला सांगितली, पण म्हणाला, झाडलेल्या जागेची फुलं मिळाली तर सोमवारी पुन्हा लावू. मी तिथूनच कोंडाण्याला भावजयीला फोन लावला. तुझी सून, सत्तरीची, अजून झाडून वेचते. "पोतं हाय गं, गुरांसाठी ठिवलंय," म्हणाली. "ती पुण्याची बया येनार आसंल तर रविवारी पाठीव, मी घरी हाय." रविवार. पोरीनं माझ्याकडे बघितलं.

"आजी, तू मला न्यायला आली होतीस."

"आले हुते."

"मग रविवारी?"

"रविवारी तुजं काम हाय ना कोंडाण्याला."

"बाबांना कोण सांगणार?"

"तुज्या बाबाला मी जन्म दिलाय. मी सांगते."

शनिवारी एकटी उतरले. थोरला खोपोलीला न्यायला आला होता, त्यानं एसटीतून उतरणारी सगळी माणसं संपेपर्यंत वाट बघितली. माझी पिशवी उचलून पुढे चालायला लागला. ओसरीवर मग सुरू झाला. आमचं घर, आमची अब्रू, या घरात थेंब आला नाही. मी त्याला बसायला सांगितलं आणि सुनेलाही बोलावलं, एकदाच सांगायचं म्हणून.

"तुज्या बारशाला जी बाई अंगडं-टोपरं घेऊन आली ती दारू गाळून जगली," मी म्हटलं. "मला वाढवलं ते त्याच्यावर. माजं लग्न लावलं ते त्याच्यावर. या घरात थेंब आला नाय म्हणतोस, तर मी काय वरईवर वाढलेली दिसते का?"

सून पदर तोंडाला लावून हसली की काय ते मी बघितलं नाही. थोरल्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आजवर का नाय सांगितलंस?"

"तुजा बाप व्हता तवर भीती. तो गेल्यावर सवय."

तो उठला. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाला, "बरं. झालं ते झालं. आता हे पावण्यांना कळू द्यायचं नाय. उद्या पहाटे मी गाडी करून पुण्याला जातो, तिला घेऊन येतो. बाराला पावणे हायत." आणि शेतावर गेला. सून त्याच्यासाठी भाकरी घेऊन मागोमाग गेली. बघ, आये. मी पन्नास वर्षांचं गाठोडं सोडून त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्यानं ते दोन मिनिटांत पुन्हा बांधून माझ्याच हातात दिलं. त्याला दोष देत नाही. बांधायची रीत त्याला माझ्याकडूनच मिळाली.

आता पुढे जे सांगते त्यातलं एक कुणाला माहीत नाही. रविवारी पाहुणे आले नाहीत. शनिवारी संध्याकाळी थोरल्याच्या मोबाइलवर निरोप आला की घरी अचानक पूजा निघाली आहे, नंतर कळवू. थोरला म्हणाला, चांगली माणसं होती, नशीब नाही. पुण्याला गेला नाही. पोरगी रविवारी कोंडाण्याला जाऊन पोतं घेऊन गेली, भावजयीनं तिला तुझं घर होतं ती जागा दाखवली म्हणे, आणि सोमवारी टाकी लागली. कशी होईल ते पंधरा दिवसांनी कळेल. चांगली होईल. माझी जीभ चुकत नाही.

पाहुण्यांना फोन मी केला होता. थोरला आणि सून शेतावर गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला नंबर बघून लावला. मुलाची आई नेहमीसारखी गोड बोलली. "आमाला नोकरीवाली चालंल हो आजी, लग्नानंतर सोडली म्हंजे झालं."

मी म्हटलं, "एक सांगायचं ऱ्हायलं. मुलीची पणजी हातभट्टी लावायची. पोरीनं तेच उचललंय. ती सोडणार नाय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग म्हणाली, "बरं. घरात बोलून सांगते."

काम झालं. पोरीचा रविवार सुटला. मी ते केलं याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण पुण्यात परक्या माणसांपुढे तुला मान वर करून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर तुलाच खोट म्हणून पुढे केलं. ऐकल्यावर पाहुणे उठतील हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं. हे तुला कळायला हवं असं वाटलं, एवढ्यासाठी पानं फाडली. आता घडी घालून ट्रंकेत माझ्या लुगड्यांखाली ठेवीन. पाठवायला पत्ता नाही आणि तुला वाचून दाखवणारी तिसरीपर्यंत शिकलेली मीच.

आणि अजून एक. फोनवर ते सांगताना मी आवाज हळू केला होता. घरात कुणी नव्हतं.